काचेआडची हवा

वस्तुसंग्रहालयात गेलेला मनुष्य मूर्ती पाहतो, चित्रे पाहतो, तलवारी पाहतो; हवा मात्र कोणी पाहत नाही. पाहण्यासारखे तिच्यात काही नसतेच. पण त्या मूर्तीचे, चित्राचे आणि तलवारीचे आयुष्य किती, हे बव्हंशी त्या न दिसणाऱ्या हवेच्या हाती असते. दरोडेखोर एखादेवेळी येतो, आग शतकातून एकदा लागते. हवा मात्र रात्रंदिवस आपले काम करीत असते. या हवेचा माणसाला शोध कसा लागला आणि तो लागल्यावर त्याच्यापुढे कोणता पेच उभा राहिला, याची हकीकत आज सांगण्याचे आम्ही योजले आहे. विषय वरवर रसायनशास्त्राचा वाटेल. पण त्याचा गाभा इतिहासाचा आहे, आणि त्याहूनही अधिक लोकव्यवहाराचा आहे. कारण ‘वस्तू कशी जपावी’ या प्रश्नाच्या पाठोपाठ ‘ती कोणासाठी जपावी’ हा प्रश्न आल्यावाचून राहत नाही.

आपल्याकडे जपणुकीची परंपरा नव्हती असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. पोथी लाकडी फळ्यांमध्ये आवळून तांबड्या कापडात बांधायची, दप्तराचे रुमाल कसून गुंडाळायचे, पेटीत कडुनिंबाचा पाला, वेखंड किंवा कापूर टाकायचा, पावसाळा सरला की सारे उन्हाची तिरीप न लागेल अशा बेताने वाऱ्यावर ठेवायचे, हे आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होते. कसर, वाळवी आणि ओल हे त्यांचे तीन शत्रू. या तिघांशी त्यांनी दिलेला लढा अगदी शहाणपणाचा होता. परंतु चौथा शत्रू त्यांच्या काळी फारसा जन्माला आलेला नव्हता. तो जन्माला आला दगडी कोळशाच्या युगात, आणि त्याची पहिली मोठी रणभूमी झाली लंडन शहर.

1824 साली ब्रिटिश सरकारने अँगरस्टाइन या सावकाराच्या संग्रहातील 38 चित्रे विकत घेतली आणि तेथून लंडनच्या नॅशनल गॅलरीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रशाळेचा, आरंभ झाला. 1838 मध्ये ती ट्रफाल्गर चौकातील नव्या इमारतीत आली. जागा निवडण्यात हेतू चांगला होता. धनिकांची वस्ती एका बाजूला, गरिबांची दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये ही चित्रशाळा. दोघांनीही पायी चालत यावे. प्रवेशाला पैसा लागत नव्हता. परंतु शहराच्या मध्यावर म्हणजे धुराच्याही मध्यावर. हजारो घरांतल्या कोळशाच्या चुली, जवळच्या सार्वजनिक स्नानगृहांची धुराडी, टेम्स नदीवरच्या आगबोटी, यांचा काळा धूर त्या दालनांत शिरे, आणि चित्रे वर्षागणिक काळवंडत चालली.

याच सुमारास मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञापुढे एक वेगळेच कोडे आले होते. विजेच्या संशोधनामुळे ज्याचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते, तोच हा फॅरडे. लंडनच्या अथीनियम क्लबात विद्वानांची ऊठबस असे आणि तेथे संध्याकाळी गॅसचे दिवे लागत. त्या क्लबातल्या पुस्तकांच्या चामडी बांधण्या भुसभुशीत होऊन गळू लागल्या. फॅरडेने कारण शोधले. कोळशाच्या गॅसमध्ये गंधकाचा अंश असतो. तो जळला की त्याचा वायू होतो, आणि ओलाव्याच्या संगतीने त्या वायूचे अखेर गंधकाम्ल बनते. दिव्याखाली बसून ग्रंथ वाचावा आणि दिव्यानेच तो ग्रंथ खावा, असा हा प्रकार होता. फॅरडेने दिव्यावर नळी बसवून जळालेली हवा बाहेर काढण्याची युक्ती सुचवली. 1843 मधली ही गोष्ट. ‘खोलीतील हवा वस्तूला मारते’ हे वाक्य शास्त्राच्या भाषेत प्रथम उच्चारणाऱ्यांत फॅरडेची गणना करावी लागेल.

म्हणून 1850 मध्ये चित्रशाळेच्या हवेची चौकशी करण्याची वेळ आली तेव्हा चित्रकार ईस्टलेक आणि रसेल यांच्याबरोबर फॅरडेचीही नेमणूक झाली, यात नवल नाही. या मंडळींनी दोन गुन्हेगार पकडले. पहिला धूर. त्यातल्या काजळीने चित्रावर थर बसे. आणि गंधकाच्या एका वायूने शिशापासून केलेला सफेदा काळा पडे. चित्रातल्या शुभ्र वस्त्राचा रंग करडा व्हावा, एवढे सामर्थ्य त्या वायूत होते. दुसरा गुन्हेगार मात्र नाजूक होता. तो म्हणजे प्रेक्षक! माणसांच्या श्वासातून आणि अंगातून निघणारी वाफ, कपड्यांची धूळ, बुटांचा चिखल यांचाही थर चित्रांवर बसत होता. चित्रशाळेचे तेव्हाचे रक्षक टॉमस यूइन्स यांनी साक्ष दिली, की कित्येक लोक शिदोरीच्या टोपल्या घेऊन येतात आणि दालनात बसून खातात. पाऊस आला की आडोशाला म्हणून आत शिरणारे तर कितीतरी.

तात्पुरता उपाय निघाला तो काचेचा. चित्रापुढे काच लावावी आणि पाठही बंद करावी, असे ठरले. आज जगातल्या कोणत्याही चित्रशाळेत काचेमागचे चित्र पाहताना आपलेच प्रतिबिंब मध्ये येऊन आपण वैतागतो. तेव्हा ही काच चोरासाठी नव्हे, तर मुळात आपल्या श्वासासाठी आणि शहराच्या धुरासाठी लागली, हे आठवावे.

परंतु काच हा तडजोडीचा मार्ग झाला. खरा वाद पुढेच होता. चित्रांना हवा मानवत नसेल तर चित्रशाळाच उचलून शहराबाहेर केन्सिंग्टनच्या स्वच्छ हवेत न्यावी, असा एक पक्ष होता, आणि राणीचा पती प्रिन्स आल्बर्ट त्या पक्षाला अनुकूल होता. गाव लांब, तेव्हा गर्दीही कमी. म्हणजे धूर आणि श्वास हे दोन्ही शत्रू एकदम टळतील, हा हिशेब. 1857 मध्ये या प्रश्नासाठी आयोग बसला. फॅरडे त्याचाही सभासद होता. या आयोगाला न्यायमूर्ती कोलरिज यांनी जे मत कळवले ते आमच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासाचे केंद्र आहे. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की चित्रे टिकून राहणे हे चित्रशाळेचे साध्य नव्हे, ते साधन आहे. लोकांना उन्नत आनंद मिळावा हे साध्य. शहरातला मनुष्य कामाच्या धबडग्यातून अर्धा तास काढून जेथे येऊ शकतो तेथून चित्रे हलवली, तर ती हजार वर्षे टिकली तरी त्यांचा उपयोग कोणाला? चित्रे थोडी झिजली तरी चालतील, पण ती लोकांत असावीत. अखेर आयोगाने चित्रशाळा होती तेथेच ठेवण्याचा निर्णय दिला. ज्या फॅरडेने हवेचे विष मोजले होते तोच ज्या आयोगात होता, त्याने हा निर्णय द्यावा, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्याच 1857 साली केन्सिंग्टनमध्ये नवे संग्रहालय उघडले, आणि त्याचे चालक हेन्री कोल यांनी तेथे संध्याकाळी गॅसचे दिवे लावले. हेतू हा, की दिवसभर राबणाऱ्या कामगाराला कामावरून सुटल्यावर कुटुंबासह येता यावे. म्हणजे चामडी बांधण्या खाणारा तोच दिवा आता गरिबाला चित्र दाखवण्यासाठी पेटला! याचीही चौकशी झाली. फॅरडे आणि टिंडल यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी 1859 मध्ये अभिप्राय दिला, की दिवे चित्रांपासून पुरेसे दूर असले आणि जळालेली हवा वरून बाहेर जाण्याची सोय असली तर गॅसला भिण्याचे कारण नाही; उलट दिव्याच्या उष्णतेनेच दालनातील हवा खेळती ठेवता येईल. शास्त्राचे काम दार बंद करणे नव्हे, दार उघडे ठेवून वस्तू कशी वाचेल ते सांगणे, असा हा धडा होता. पुढे 1888 मध्ये रसेल आणि ॲबनी या दोघा शास्त्रज्ञांनी जलरंगांवर प्रयोग करून दाखवले, की प्रकाशाने रंग उडतात हे खरे, पण हवा आणि ओलावा काढून घेतला तर त्यांतले पुष्कळसे रंग उन्हातही टिकतात. म्हणजे प्रकाशाच्या गुन्ह्यातही हवेचा हात होताच.

येथपर्यंत शत्रू बाहेरून आत येत होता. आता घरभेद्याची गोष्ट. 1899 मध्ये बाइन नावाच्या इंग्रज शिंपलेसंग्राहकाने एक विचित्र रोग नोंदवला. कपाटात जपून ठेवलेल्या शिंपल्यांवर पांढरी भुकटी येई आणि शिंपले हळूहळू कुरतडले जात. त्याला वाटले, हा सूक्ष्म जंतूंचा खेळ आहे. ‘बाइनचा रोग’ हे नाव त्याला आजही चिकटून आहे. पण हा रोग नव्हेच. 1934 मध्ये निकल्स या रसायनज्ञाने दाखवले, की दोष ओक लाकडाच्या कपाटांचा आहे. लाकडातून आम्लाची वाफ सतत निघत असते. शिरक्याला आंबटपणा ज्याने येतो तेच हे ॲसेटिक आम्ल. बंद कपाटात ती वाफ कोंडते आणि शिंपल्यातला चुना खाते. समुद्राने ज्याला काही केले नाही त्याला कपाटाने संपवले.

हे वाचून आम्हाला आमच्याच पाहण्यातली एक गोष्ट आठवली. एका लहान गावच्या संग्रहात सातवाहनांची शिशाची काही नाणी होती. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, सुताराकडून प्लायवूडची नवी काचपेटी करवली, आतून रंग दिला, मखमल चिकटवली आणि धूळ जाऊ नये म्हणून फटी लांबीने बुजवल्या. दोन-तीन पावसाळ्यांनंतर आम्ही गेलो तेव्हा नाण्यांवर पिठासारखा पांढरा थर आला होता आणि एकावरचा हत्ती जवळजवळ ओळखू येत नव्हता. संग्रह सांभाळणारे वृद्ध गुरुजी हळहळून म्हणाले, “काय करावं कळत नाही. अजून कुठून तरी ओल शिरत असावी. पेटी आणखी घट्ट करायला हवी.” त्या बिचाऱ्यांच्या मनात वस्तूविषयी केवढी माया होती! आणि त्या मायेनेच पेटी घट्ट होत होती व आतली आम्लाची वाफ दाट होत होती. शिरक्याच्या वाफेत शिसे ठेवून सफेदा तयार करणे ही रंग बनवण्याची जुनी रीतच आहे. दोन हजार वर्षे जमिनीत टिकलेले नाणे त्या सुंदर पेटीत बसून सफेदा होऊ लागले होते. दोष गुरुजींचा नव्हता. नव्या लाकडाचा आंबूस वास हा धोक्याचा इशारा आहे, हे त्यांना सांगायला कोणी गेलेच नव्हते.

आणि ते कळण्याची परीक्षा फार महागडी नाही. 1973 मध्ये ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडी यांनी ती प्रसिद्ध केली. ज्या लाकडाची, कापडाची किंवा सरसाची शंका आहे त्याचा तुकडा आणि चांदी, तांबे व शिसे यांचे स्वच्छ पत्रे काचनळीत थोड्या पाण्याबरोबर बंद करायचे आणि 60 अंश सेल्सियसवर 28 दिवस ठेवायचे. पत्रा काळवंडला, गंजला वा पांढरा पडला की समजावे, हे सामान संग्रहालयात नको. नाण्याने सोसायचे ते आधी पत्र्याने सोसावे, एवढेच त्यातले तत्त्व.

हवेचे शास्त्र पुढे नेण्यास दोन महायुद्धेही कारणीभूत झाली. पहिल्या युद्धाच्या अखेरीस, 1918 मध्ये, विमानांच्या भीतीने ब्रिटिश म्युझियमने आपल्या मौल्यवान वस्तू लंडनच्या पोटातील एका बोगद्यात ठेवल्या. बॉम्बपासून त्या वाचल्या. पण बोगद्यातल्या दमट हवेने लोखंड गंजले, काशावर हिरवी पूड आली, दगडांतून क्षार बाहेर पडले. वस्तू परत आल्या त्या आजारी होऊन. त्यांची तपासणी अलेक्झांडर स्कॉट या रसायनज्ञाने केली आणि 1920 मध्ये संग्रहालयात प्रयोगशाळा सुरू झाली. काही वर्षांपुरती म्हणून काढलेली ती प्रयोगशाळा पुढे कायमची झाली.

दुसऱ्या युद्धात हा धडा विसरला गेला नाही. राष्ट्रीय चित्रशाळेची चित्रे प्रथम वेल्समधील निरनिराळ्या वाड्यांत व ग्रंथालयांत गेली, आणि 1941 मध्ये तेथल्याच मॅनॉड येथील पाटीच्या दगडाच्या खाणीत. डोंगराच्या पोटात विटांच्या खोल्या बांधल्या आणि आतल्या हवेची ऊब व आर्द्रता रात्रंदिवस एकसारखी राखली. तेव्हा एक चमत्कार आढळला. लंडनमध्ये दरवर्षी ज्या चित्रांचे पापुद्रे बसवण्यात कारागिरांचा जीव मेटाकुटीला येई ती चित्रे खाणीत स्वस्थ राहिली. लाकडी फळी ओलीने फुगते, कोरडेपणाने आकसते, आणि वरचा रंग तिच्याबरोबर नाचू शकत नाही म्हणून सुटतो. हवा स्थिर झाली तशी फळी स्थिर झाली. युद्धानंतर चित्रशाळेत वातानुकूलित दालने आली त्यामागे हा अनुभव होता.

येथे आम्हाला पुन्हा न्यायमूर्ती कोलरिज यांची आठवण होते. चित्रे खाणीत सुखरूप होती. पण लंडनचे लोक सुखी नव्हते. बॉम्बच्या छायेत राहणाऱ्या त्या माणसांनी मागणी केली, की आम्हाला निदान एक तरी चित्र पाहू द्या. तेव्हा संचालक केनेथ क्लार्क यांनी 1942 मध्ये दरमहा एक चित्र खाणीतून आणून रित्या चित्रशाळेत टांगण्याची प्रथा पाडली. रात्री ते तळघरात जाई, सकाळी पुन्हा भिंतीवर येई. त्या योजनेतले पहिले चित्र तिशियनचे होते, आणि त्याचे नाव आहे ‘मला स्पर्श करू नकोस’. मृत्यूतून उठलेला ख्रिस्त शोकाकुल मॅग्डालेनला हे शब्द म्हणतो, असा तो प्रसंग. दुरूनच पाहा, पण पाहा, हा संग्रहालयाचा सारा धर्म त्या एका चित्रात आला आहे.

आता याच्या उलट टोकाची हकीकत. फ्रान्समधील लास्को येथे 1940 मध्ये काही मुलांना एक गुहा सापडली. तिच्या भिंतींवर सुमारे 17,000 वर्षांपूर्वीचे बैल, घोडे आणि हरणे होती. हजारो वर्षे तिची हवा जवळजवळ स्तब्ध होती. 1948 मध्ये ती लोकांना खुली झाली आणि दिवसाला हजारावर माणसे आत जाऊ लागली. त्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि वाफ भिंतींवर जमू लागली; हवा शुद्ध करण्याचे यंत्र बसवले, तरी भिंतींवर हिरवे शेवाळ पसरले. अखेर 1963 मध्ये मंत्री आंद्रे माल्रो यांनी गुहा बंद केली. सतरा हजार वर्षे टिकलेले चित्र पंधरा वर्षांच्या कौतुकाने मरणपंथाला लागले! 1983 मध्ये लोकांसाठी जवळच तिची हुबेहूब प्रतिकृती उभारण्यात आली. पण बंद केल्यानेही प्रश्न मिटला नाही. 2001 मध्ये मूळ गुहेत पांढरी बुरशी उसळली आणि शास्त्रज्ञांना नव्याने कंबर कसावी लागली. एकदा मोडलेला हवेचा समतोल दार लावल्याने आपोआप परत येत नाही.

लास्कोचे नाव निघाले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे अजिंठा उभा राहतो. 1819 मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. त्यानंतर तेथे जे जे झाले ते बहुतेक प्रेमापोटी झाले, आणि त्यातले पुष्कळसे अंगाशी आले. रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या प्रतिकृती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून पुन्हा प्रती केल्या. त्यांतल्या कित्येक 1885 मध्ये केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. चित्रे उजळ दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर वार्निश लावले गेले. पुढे निजामाच्या राजवटीत, 1920 नंतर, इटालियन तज्ज्ञांनी सुटणारे पापुद्रे मोठ्या कौशल्याने बसवले, पण वरून लाखेचा लेप दिला. तो कालांतराने पिवळा-तपकिरी झाला आणि धूळ व काजळी धरून बसला. तो उतरवण्याचे काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना पुढे अनेक दशके पुरले.

अजिंठ्याची चित्रे मातीच्या गिलाव्यावर आहेत. त्या मातीत भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू आहेत. अशी भिंत ओल घेते आणि सोडते. ती जणू श्वास घेते. लेण्याला बाहेर उघडणारी बाजू एकच. अशा दालनात गर्दी लोटली म्हणजे हवा दमट होते, आणि गर्दी ओसरली की पुन्हा उतरते. पावसाळ्यात डोंगरातून झिरपा, वटवाघळांची विष्ठा, कीटक, आणि त्यात हजारोंचे उच्छ्वास. आज मोटारी फर्दापूरच्या फाट्यावर थांबवतात आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर वेगळ्या बसने जावे लागते. चित्रांच्या लेण्यांत एका वेळी थोडीच माणसे सोडतात. ताटकळलेला प्रवासी कुरकुर करतो. पण ती रांग म्हणजे कोलरिज आणि माल्रो यांच्यामधला रस्ता आहे. दार बंद नाही, आणि सताड उघडेही नाही.

मग आपण काय करावे? यंत्र बसवले की झाले, असे मानण्याचा एक काळ होता. गॅरी थॉमसन यांचा संग्रहालयाच्या हवेवरचा ग्रंथ 1978 मध्ये निघाला आणि त्यातले आकडे जगभर जणू वेदवाक्य झाले. वस्तुतः ग्रंथकर्त्याचा स्वतःचा तसा आग्रह नव्हता. थंड देशातल्या चित्रशाळेचा आकडा कोकणातल्या दमट गावाला किंवा मराठवाड्याच्या उन्हाळ्याला कसा लागू पडावा? आता मोठमोठ्या संग्रहालयांनीही बंधने सैल केली आहेत. सापेक्ष आर्द्रता 40 ते 60 टक्के आणि तापमान 16 ते 25 अंश एवढ्या कक्षेत बहुतेक वस्तू सुखाने राहतात, असे ती मानू लागली आहेत. वीज गेली की बंद पडणाऱ्या आणि दुरुस्तीला पैसे नसलेल्या यंत्रापेक्षा जाड भिंत, खोल ओसरी, पावसाच्या दिवसांत बंद आणि कोरड्या दिवसांत उघडी ठेवलेली खिडकी यांचा भरवसा अधिक.

लहान संग्रहांच्या चालकांना आमचे सांगणे इतकेच. नवी पेटी केली तर काही आठवडे ती उघडी ठेवा आणि मग नाक घालून वास घ्या. शिसे, शिंपले आणि चांदी कच्च्या लाकडापासून व लोकरीपासून दूर ठेवा. संग्रहाच्या दालनात उदबत्ती, धूप आणि समया लावू नका. हे कदाचित रुचणार नाही, पण देवाला चालतो तो धूर पोथीला चालत नाही. आर्द्रता मोजण्याचे साधे यंत्र आणून रोज एक आकडा वहीत लिहा. वर्षभराची ती वही कोणत्याही परदेशी ग्रंथाहून तुमच्या उपयोगी पडेल. आणि पेटीत पांढरी भुकटी दिसली तर आणखी घट्ट करण्यापूर्वी कोणाला तरी विचारा.

त्या गावच्या गुरुजींना आम्ही हे सारे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी पेटी उघडली, नाणी एकेक करून काचेच्या बशीत काढली, आणि विचारले, “पण मग शाळेतली मुलं येतील तेव्हा ती बघायला मिळतील ना?” दीडशे वर्षांपूर्वी एका न्यायमूर्तींनी विचारलेला प्रश्न हाच होता. जोवर तो विचारणारी माणसे संग्रहांच्या किल्ल्या सांभाळीत आहेत तोवर हवेशी चाललेल्या या झुंजीत आपली बाजू अगदीच लंगडी नाही, असे आम्हाला वाटते.